दोन हप्त्यांत घडलेला गोवा

पणजीहून फोंड्याला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर गोव्याचा निम्मा इतिहास तासाभरात बघून होतो. जुन्या गोव्याची चर्चं मागे पडतात, बस बाणस्तारीच्या पुलावर चढते, खालचा कुंभारजुव्याचा कालवा आणि कडेची खारफुटी नीट दिसेपर्यंत पूल संपतोही. मग मंगेशी. मग म्हार्दोळची म्हाळसा. पुढे नागेशी, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा. मुंबई-पुण्याहून कुलदैवताला जाणाऱ्या कुटुंबांना हा रस्ता पाठ असतो. पण सगळे देव पुलाच्या एकाच अंगाला कसे काय, असं गाडीत सहसा कुणी विचारत नाही.

यांतले बरेचसे देव मूळचे इथले नाहीतच. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. ही सगळी गावं जुवारी नदीच्या पलीकडची, जुन्या सासष्टीतली. १५६० च्या सुमारास तिथे पोर्तुगीज अमलात देवळांवर गंडांतर आलं, तेव्हा लोकांनी आपले देव उचलले, रातोरात नदी ओलांडली आणि अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्यात, आणून ठेवले. तिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. तिसवाडीच्या बाजूला हा कालवा आणि सासष्टीच्या बाजूला जुवारी, ही दोनशेहून अधिक वर्षं दोन वेगळ्या राज्यांची सीमा होती. आज आपण ती तिकिटाचे सुटे पैसे मोजता मोजता पार करतो.

गोवा समजून घ्यायचा तर ही शिवण आधी सापडायला हवी. '४५० वर्षांची पोर्तुगीज राजवट' हे वाक्य इतकं सरावाचं झालंय की ते फक्त चौथाई गोव्यालाच लागू पडतं, हे लक्षातच येत नाही. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशहाकडून तिसवाडी घेतली, १५४३ मध्ये बार्देश आणि सासष्टी आली. मुरगाव तेव्हा सासष्टीतच मोडत असे. या झाल्या 'जुन्या काबिजादी', म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. बाकीचा गोवा हाती यायला पुढची सव्वादोनशे वर्षं गेली. हैदर अलीच्या रेट्यापुढे सौंद्याच्या राजाचा टिकाव लागेना, तेव्हा १७६३ पासून फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि राजा स्वतः फोंड्याजवळ बांदिवड्याला येऊन राहिला. डिचोली, सत्तरी आणि शेवटी १७८८ मध्ये पेडणे हे तालुके सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेले. या 'नव्या काबिजादी'. क्षेत्रफळ बघितलं तर ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग यांत येतो. माणसं मात्र आजही निम्म्याहून जास्त जुन्या काबिजादींत राहतात.

नुसतं तारखांचं अंतर असतं तर एवढं महत्त्व नव्हतं. पण त्या मधल्या काळात राज्यकर्ता बदलला. पहिल्या हप्त्यातला पोर्तुगीज धर्मप्रसाराच्या भरात होता. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि मधली तीन-चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत ठाण मांडून बसलं. दुसऱ्या हप्त्यापर्यंत खुद्द पोर्तुगालमध्ये वारं फिरलं होतं, जेजुइट पंथाच्या धर्मप्रसारकांना १७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून हाकलण्यात आलं होतं, आणि गोव्यातल्या सरकारला धर्मांतरापेक्षा सरहद्दीवरची शांतता जास्त मोलाची वाटत होती. त्यामुळे नव्या काबिजादींत देवळं, महाजनकी आणि रूढी जशाच्या तशा राहू दिल्या. एकाच झेंड्याखाली दोन निरनिराळे गोवे नांदू लागले.

आता जमिनीकडे वळू. माझ्या मते गोव्याच्या राजकारणातली पुढची बहुतेक कुलपं याच किल्लीने उघडतात.

जुन्या गोव्याची व्यवस्था म्हणजे गांवकारी. कल्पना अशी करा की गाव ही एक कंपनी आहे आणि ज्या घराण्यांनी ते पहिल्यांदा वसवलं, त्यांचे पुरुष वंशज तिचे भागधारक. जमीन गावाची, कुणा एकाची नव्हे. ठरावीक मुदतीने ती कसायला लिलावात द्यायची. आलेल्या पैशातून राजाचा सारा, देवळाचा खर्च आणि बांधांची डागडुजी भागवायची. उरलं ते गांवकारांनी वाटून घ्यायचं. बांध हा यातला कळीचा खर्च. गोव्याची भातशेती बरीचशी खाजनात आहे, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या सखल जमिनीत. बांधाला 'मानस' नावाची लाकडी दारं असतात. ओहोटीला पाणी बाहेर जातं, भरतीला दारं आपोआप मिटतात. एका पावसाळ्यात बांध फुटला तर अख्ख्या गावाचं भात खारतं. असली शेती एकेकट्याने होत नाही.

पोर्तुगीजांना हे चटकन कळलं. त्यांनी गांवकारी मोडली नाही. १५२६ मध्येच तिचे रिवाज लिहून काढले, सारा चालू ठेवला आणि पुढे तिला 'कोमुनिदाद' नाव दिलं. देवळाला जाणारा वाटा चर्चकडे वळला. ख्रिस्ती गांवकार हजर नसेल तर गावच्या सभेला अर्थ नाही, अशा तऱ्हेच्या आज्ञा निघाल्या. धर्मांतराची गोष्ट सांगताना आपण तलवार आणि श्रद्धा या दोनच टोकांना लटकतो; गावच्या जमिनीतला वाटा टिकवण्याचा व्यवहार त्यात किती होता, ते राहून जातं. ख्रिस्ती झालेल्या समाजात जाती उरल्या, गांवकारपण उरलं, ते उगीच नाही.

कुंकळ्ळीत हे आजही डोळ्यांनी बघता येतं. १५८३ मध्ये तिथे लोकांनी पाच जेजुइटांना ठार मारलं, आणि नंतर बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या प्रमुखांना कापून काढण्यात आलं. देवी फातर्प्याला गेली ती आजवर तिथेच आहे. पण वर्षातून एकदा, शिमग्याच्या दिवसांत, ती छत्र्यांच्या मिरवणुकीने मूळ जागी येते. बारा वांगडांच्या, म्हणजे गांवकारांच्या बारा घराण्यांच्या, बारा छत्र्या. त्या वांगडांतली कित्येक घरं आता ख्रिस्ती आहेत, पण त्यांचा मान कुणी काढून घेतलेला नाही. 'धार्मिक सलोखा' म्हणून या उत्सवाचं कौतुक होतं. मला त्यात सलोख्यापेक्षा सातबारा जास्त दिसतो. देव पळाला, धर्म बदलला, पण या गावचे मूळ पुरुष आम्ही, हा हक्क दोघांनीही सोडलेला नाही.

नव्या काबिजादींत गांवकारी होतीच, पण जमिनीवर खरा वरचष्मा देसाई, राणे, मोकासदार आणि देवस्थानांचे महाजन यांचा. कसणारा बहुतेक बहुजन समाजाचा किंवा गावडा, कुणबी, वेळीप यांच्यातला. सत्तरीच्या राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध वेळोवेळी बंडं केली. दीपाजी राण्यांचं १८५२ चं आणि दादा राण्यांचं १८९५ चं ही त्यांतली गाजलेली. त्यांत स्वातंत्र्याची ऊर्मी शोधणाऱ्यांनी हेही बघावं की आपली वतनं आणि हक्क यांना सरकार हात लावतंय, हीसुद्धा एक मोठी ठिणगी होती.

या साऱ्या व्यवस्थेच्या तळाशी होता मुंडकार. समजा, तुमच्या पणज्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, माडांच्या बागेत झोपडी बांधली. बागेची राखण करायची, बोलावलं की कामाला जायचं, बदल्यात राहायचं. तीन पिढ्या गेल्या, घराला चिरे आले, तुळशीवृंदावन किंवा क्रूस उभा राहिला. पण खालची जमीन भाटकाराचीच. त्याने 'ऊठ' म्हटलं की उठायचं. भाटकार दोन्ही धर्मांचे होते आणि मुंडकारही. मात्र जुन्या काबिजादींत भाटकार बहुधा ख्रिस्ती, नव्यांत बहुधा उच्चवर्णीय हिंदू, असा साधारण नकाशा होता.

ज्यांना जमीन नव्हती त्यांनी मुंबई गाठली. ख्रिस्ती गोवेकर धोबी तलाव आणि माझगावच्या 'कुडां'त, गावागावाच्या नावाने चालणाऱ्या वसतिगृहांत, राहून जहाजावर चढले, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आणि बँडमध्ये शिरले; कोकणी तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं नाटक, जन्मलं तेही १८९२ मध्ये मुंबईतच. हिंदू गोवेकर गिरगावात आले. देवळांच्या सेवेत बांधलेल्या कलावंत समाजातल्या बायका केरी, कुर्डी असल्या गावांतून बाहेर पडल्या, आणि हिंदुस्थानी संगीताला केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर मिळाल्या. आडनावांतली ती गावं एकदा नकाशावर शोधून बघा: दोन्ही नव्या काबिजादींतली.

भाषेची वाटणीही इथेच पडली. घरात दोन्हीकडे कोकणी. पण नव्या काबिजादींत कीर्तन, पोथी, देवळाचा जमाखर्च आणि गावचा पंतोजी, सगळं मराठीत. जुन्यांतही एके काळी मराठी होती. इंग्लंडात जन्मलेले जेजुइट थॉमस स्टीफन्स यांची मराठी ओव्यांतली ख्रिस्तकथा १६१६ मध्ये सासष्टीतल्या राशोल इथे रोमन लिपीत छापली गेली. पुढे धोरण फिरलं, १६८४ मध्ये तीन वर्षांत स्थानिक बोली सोडून पोर्तुगीज बोला असं फर्मान निघालं, आणि ख्रिस्ती गोव्याचा देवनागरीशी संबंध तुटला. कोकणी मात्र फर्मानाने मेली नाही. ती रोमन लिपीत घुसून राहिली.

विसाव्या शतकात आर्थिक घडी झपाट्याने बदलली. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना शिक्षण-नोकरीची दारं कायद्याने उघडली. त्यानंतर सालाझारची हुकूमशाही आली, आणि १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी जाहीर सभेची बंदी मोडली. पुढचा लढा बहुतेकांना माहीत असतो. त्याच वर्षांतली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही: भारताने पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि नेमक्या त्याच सुमारास खाणी भरभराटीला आल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या डोंगरांतलं लोहखनिज मांडवी-जुवारीतून बार्जवर चढून मुरगाव बंदराला, तिथून जपानला. डोंगर सगळे नव्या काबिजादींतले. जवळजवळ दोनशे वर्षं मागास म्हणून ओळखला गेलेला भाग एकाएकी पैशाचा झरा झाला, आणि खाणमालकांचा एक नवा हिंदू धनिक वर्ग उभा राहिला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी पहिली निवडणूक झाली, आणि काँग्रेसचा धुव्वा उडाला. मुक्ती आणणारा पक्ष हरला कसा, याचं दिल्लीला नवल वाटलं. गोव्यातल्या मुंडकाराला वाटलं नसावं. त्याच्या दारातला भाटकारच काँग्रेसची टोपी घालून मत मागायला आला होता. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगोप) सत्ता घेतली, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले: खाणमालक, पण बहुजन समाजातून वर आलेले, लोकांचे 'भाऊसाहेब'. समोर जॅक द सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष, मुख्यतः जुन्या काबिजादींतल्या ख्रिस्ती मतांचा. दोन पक्षांच्या मधली रेघ बरीचशी १७६३ च्या सरहद्दीवरून गेली होती.

मगोपला गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा होता. मराठीचं प्रेम हे कारण खरं, पण पुरेसं नाही. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात (तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात) कूळ कायदा लागू झालेला पेडण्या-डिचोलीतला माणूस बघत होता. त्याच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे 'कसेल त्याची जमीन'. विरोधकांचं गणितही तितकंच रोखठोक होतं. मुक्तीनंतर बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांनी गोवेकरांना दुखावलं होतं. विलीन झालो तर रत्नागिरीसारखा एक कोपऱ्यातला जिल्हा होऊन बसू, अशी धास्ती होती. आणि महाराष्ट्रातल्या दारूबंदीने माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराचं काय होणार, हा प्रश्न तर गावागावात पोचला.

१६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाला 'फूल', वेगळं राहण्याला 'दोन पानं'. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. हिशेब केला तर उघड दिसतं की एकट्या ख्रिस्ती मतांवर दोन पानं जिंकली नसती. पुरेशा हिंदूंनीही त्यांना मत दिलं. त्यांना पटवणाऱ्यांत 'राष्ट्रमत' हे दैनिक आघाडीवर होतं, आणि ते मराठी होतं. महाराष्ट्र नको, हे मराठीतून सांगितलं गेलं. काही जणांना हे आजही पचत नाही.

खरी गंमत त्यानंतरची. दोन-तीन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी पुन्हा मगोपलाच निवडून दिलं, बांदोडकरांनाच मुख्यमंत्री केलं. विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब हवेत! बाहेरच्यांना हा घोळ वाटतो. मला ते अतिशय चोख मतदान वाटतं. लोकांनी दोन प्रश्नांची दोन उत्तरं दिली. गोवा गोव्यात राहू दे, आणि जमीन आम्हाला मिळू दे.

आणि ती मिळाली. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ च्या कूळ कायद्याने खंडावर मर्यादा घातलीच होती. बांदोडकरांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ मध्ये मुंडकाराला घरातून हुसकावण्यावर बंदी आली आणि १९७६ च्या दुरुस्तीने कूळच जमिनीचा मालक ठरला. ज्यासाठी विलीनीकरण हवं होतं, ते विलीनीकरणाशिवाय झालं. मगोपची पुढे जी घसरण झाली, तिचं एक कारण मला हेच दिसतं: घोषणेतला जीवच निघून गेला. कायद्याला एक आनुषंगिक किंमतही होती. खाजनांचे बांध सांभाळायची जबाबदारी कोमुनिदादकडून कुळांच्या संघटनांकडे आली, आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणाचीच राहिली नाही. मानसा मोडल्या, शेतांत खारफुटी वाढली. न्याय झाला, पण भात गेलं.

पुढचा भाग भरभर सांगतो, कारण तो बातम्यांतून परिचयाचा आहे. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं. ती राजभाषा व्हावी म्हणून ऐंशीच्या दशकात झालेल्या आंदोलनात रक्त सांडलं. ४ फेब्रुवारी १९८७ चा राजभाषा कायदा म्हणजे तडजोडीचा नमुना आहे: राजभाषा कोकणी, पण देवनागरीतली, मराठीचा वापर सरकारी कामात करता येईल. म्हणजे कोकणीसाठी रस्त्यावर उतरलेल्या ख्रिस्ती माणसाची रोमन लिपी बाहेर राहिली. तो सल अजून गेलेला नाही, आणि मराठीला पूर्ण राजभाषा करा ही मागणीही अधूनमधून वर येते. ३० मे १९८७ ला गोवा देशाचं पंचविसावं राज्य झालं. घरी कोकणी, देवळात मराठी किंवा चर्चमध्ये रोमन कोकणी, आणि मुलांची शाळा इंग्रजी, असं आता दोन्ही काबिजादींत सर्रास चालतं. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा कोकणीवादी आणि मराठीवादी प्रथमच एका व्यासपीठावर आले. एवढी वर्षं एकमेकांशी भांडलेल्यांना तिसऱ्याने जवळ आणलं.

अर्थव्यवस्था मात्र जुन्याच शिवणीवर बेतली गेली. बार्देश-सासष्टीच्या किनाऱ्यावर पर्यटन, पूर्वेच्या डोंगरांत खाणी. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, थोड्या चालू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्दबातल ठरवल्यावर पुन्हा बंद पडल्या. किनाऱ्यावरच्या माणसाने ही बातमी पेपरात वाचली; डिचोली-सांग्यातल्या ट्रकवाल्याच्या दारातला ट्रक गंजला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मागता येतो. त्या वाटेने सासष्टी-बार्देशातली अनेक घरं इंग्लंडला गेली आणि इथे कुलूप लावून बसली. आता शिवण उसवतेय ती वेगळ्याच हातांनी. पेडण्याच्या मोप पठारावर विमानतळ झाला, मोरजी-हरमलचे भाव कळंगुटच्या वाटेला लागले, आणि कुळाने १९७६ मध्ये मिळवलेलं शेत त्याच्या नातवाकडून दिल्लीवाला मागू लागला. भातशेती शेतकऱ्याशिवाय कुणाला विकू नये, असा कायदा २०२३ मध्ये करावा लागला.

या सगळ्यात मला राहून राहून कुर्डी आठवतं. मोगूबाईंचं गाव, सांगे तालुक्यातलं. साळावली धरणासाठी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते उठवलं, लोकांना वाडे आणि वालकिणीला वसवलं. धरणाचं पाणी दक्षिण गोव्याला, सासष्टी-मुरगावच्या घरांना आणि हॉटेलांना जातं. वर्षभर गाव पाण्याखाली असतं. मे महिन्यात पाणी ओसरतं, वाटा, जोती, मोडके चिरे उघडे पडतात, आणि मूळचे कुर्डीकर गाड्या करून येतात. हिंदू सोमेश्वराच्या देवळाशी जमतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाशी, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराशी. दुपारभर एकमेकांना दाखवत फिरतात: हे आमचं घर, ती तुमची विहीर, इथून शेत सुरू व्हायचं. मग मृगाचा पाऊस येतो.